कांचपट्टी आणि खाट

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पूर्वीं एकच पंचांग असे. गेलीं अडीच वर्षें त्याच्या शेजारीं दुसरें एक लटकत आहे. पहिल्यांत एकादशी, चतुर्थी आणि गॅसचें सिलिंडर लावल्याच्या तारखा. दुसऱ्यांत ‘हिस्टो’, ‘सायटो’, ‘हिमॅट’, ‘ब्लड बँक’, ‘ऑटॉप्सी’ असे शब्द चौकोनाचौकोनांतून भरलेले. आमची पुतणी दूरच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राची, म्हणजे बोलीभाषेंत पॅथॉलॉजीची, एम. डी. करीत आहे, तिच्या नेमणुकांचें हें वेळापत्रक होय. तिनें तें काकूच्या फोनवर पाठविलें, काकूनें बाजारांतून तें छापून आणविलें, आणि तेव्हांपासून ‘संकष्टी कधीं आहे’ या प्रश्नाइतक्याच गांभीर्यानें ‘पोर सध्यां कोठें आहे, रक्तांत कीं लघवींत’ असाहि प्रश्न आमच्या घरांत विचारला जाऊं लागला.

आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक. रोगाचें नुसतें नांव ऐकून ज्याचें तोंड उतरतें अशा माणसानें या विषयावर लेखणी उचलावी हें चमत्कारिक आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु या दुसऱ्या पंचांगाशीं मध्यंतरीं आमच्या जिवाचाच संबंध आला, आणि त्यामुळें त्यांतील प्रत्येक चौकोनाकडे आम्ही आतां आपुलकीनें पाहतों, आणि जो चौकोन त्यांत नाहीं त्याचा विचारहि वारंवार मनांत येतो.

‘रेसिडेंट’ या शब्दाचा सरळ अर्थ राहणारा. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत १८८९ सालीं ही शिक्षणपद्धति बसविण्यांत आली तेव्हां शिकाऊ डॉक्टर खरोखरच रुग्णालयाच्या छपराखालीं राहत असत. आमची पुतणीहि तेथेंच राहते, पण एका ठिकाणीं स्थिर अशी नाहीं. तीन वर्षांच्या मुदतींत तिला विभागाच्या एका खोलींतून दुसऱ्या खोलींत, देवळांतल्या प्रदक्षिणेप्रमाणें, फिरावें लागतें. या फेऱ्यांत सर्वांत मोठा वाटा ‘हिस्टो’चा. आमची समजूत अशी कीं, या पाळींत पोर सकाळपासून सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बसत असेल. प्रत्यक्षांत पहिले कांहीं महिने तिच्या हातीं सुरी होती. शस्त्रक्रियेंत काढलेला अवयव फॉर्मॅलिनच्या बरणींतून तिच्यापुढें येतो. तो मोजावयाचा, तोलावयाचा, कापून उलगडावयाचा, त्याचें वर्णन लिहावयाचें, आणि त्यांतून नखाएवढे तुकडे निवडावयाचे. हे तुकडे रात्रभर अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेलें मेण यांतून प्रवास करतात. सकाळीं मेणाच्या वडींतून तीन ते पांच सहस्रांश मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढतात, तो कांचपट्टीवर चढवितात, आणि मग मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडापासून मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या रंगांत व इऑसिनच्या गुलाबी रंगांत त्याला रंगवितात. पेशींचीं केंद्रकें निळीं होतात, बाकीचा पसारा गुलाबी. पैठणीवर शोभावी अशी ही रंगसंगति आहे, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे.

“काका, चूक यंत्राखालीं होते असं तुम्हांला वाटतं,” पुतणी एकदां म्हणाली, “ती सुरीखालीं होते. ज्या भागाचा तुकडाच मीं घेतला नाहीं, तिथला रोग कांचेवर येणार कुठून? मग सरांनीं कितीहि डोळे फोडून पाहिलं तरी काय उपयोग?” पुस्तकाचें परीक्षण करणाऱ्यानें कोणतीं पानें वाचलीं, हें आधीं विचारावें, असें आम्ही विद्यार्थ्यांना नेहमीं सांगत आलों. येथें तर तोच प्रश्न एखाद्याच्या स्तनाचा किंवा आंतड्याचा होऊन बसला होता.

‘हिमॅट’ म्हणजे रक्ताची पाळी. ‘ब्लड बँक’ म्हणजे रक्ताचीच, पण बाटलींतल्या. तेथें गट जुळवावयाचे, दात्याचें रक्त व घेणाऱ्याचें रक्त एकमेकांशीं पटतें कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि रात्रीं दोन वाजतां प्रसूतिगृहाकडून फोन आला कीं झोपेंतल्या डोळ्यांनीं तेंच सर्व न चुकतां पुन्हां करावयाचें. लघवी, थुंकी, पाठीच्या कण्यांतलें पाणी यांच्या परीक्षेची पाळी सर्वांना कमी प्रतीची वाटते. उमेदवार ती कंटाळत काढतात आणि पुढें स्वतःची प्रयोगशाळा थाटल्यावर तिच्याच जोरावर पोट भरतात. शवपरीक्षेची पाळी आतां पुष्कळशी नांवाचीच उरली आहे. जें शास्त्र मोर्गान्यी या इटालियन पंडितानें १७६१ सालीं, शेंकडों प्रेतांची तपासणी व त्या माणसांच्या हयातींतील दुखण्यांची हकीकत शेजारीं शेजारीं ठेवून उभें केलें, त्याचा पायाच आतां विद्यार्थ्याला क्वचित् पाहावयास मिळावा, हें विचित्र खरें. मोर्गान्यीची युक्ति त्या ‘शेजारीं शेजारीं’ ठेवण्यांत होती. प्रेतें त्याच्या आधींहि पुष्कळांनीं फाडलीं होतीं.

आणि या साऱ्या चौकोनांत रुग्णाची खाट कोठें आहे? ‘सायटो’च्या पाळींत एक खिडकी उघडते. गांठींत बारीक सुई घालून पेशी ओढून घेण्याचें काम आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं विकृतिशास्त्राचे डॉक्टर स्वतः करतात, त्यामुळें तेवढा वेळ माणूस समोरच्या बाकावर येऊन बसतो, गांठ दाखवितो, भितो, बोलतो. हाडांतला मगज काढण्याच्या वेळींहि तसेंच. शस्त्रक्रिया चालू असतांना तुकडा गोठवून वीसेक मिनिटांत उत्तर द्यावयाचें असतें, तेव्हां शल्यवैद्याचा आवाज तरी कानांवर येतो. एवढें सोडलें तर खाट नाहीं. एम. बी. बी. एस. नंतर एक वर्ष सर्व विभागांतून फिरून सक्तीची रुग्णसेवा घडलेली असते. तीच पुढें जन्मभराची शिदोरी. अमेरिकेंत एके काळीं विकृतिशास्त्राच्या उमेदवाराला परीक्षेस बसण्यापूर्वीं एक वर्ष ज्यादा द्यावें लागे, आणि तें रुग्णसेवेंत घालविण्याची मुभा असे. या शतकाच्या आरंभीं तो नियम तेथेंहि गेला. शास्त्र इतकें वाढलें कीं खोल्याच पुऱ्या होईनात, मग वॉर्डासाठीं महिने कोठून आणावयाचे, असा हा हिशेब आहे, आणि हिशेब म्हणून तो खोटा नाहीं.

आमचा संबंध आला तो असा. दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत आमच्या मानेच्या डाव्या बाजूस एक गांठ हातास लागली. तिच्या आसपास दोन-तीन लहान गांठीहि होत्या. एका मोठ्या शहरांतील शल्यवैद्यानें मोठी गांठ काढली आणि ती एका प्रयोगशाळेकडे गेली. तिच्याबरोबरच्या छापील फॉर्मावर नांव, वय, लिंग आणि ‘मानेंतील गांठ’ एवढाच मजकूर होता. ‘पूर्वेतिहास व चालू औषधें’ या ओळीवर कांहीं नव्हतें. आठ दिवसांनीं रिपोर्ट आला: लसीकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिंफोमा, असण्याची दाट शक्यता, पुढील तपासण्या कराव्या.

त्यानंतरच्या एकोणीस दिवसांचें वर्णन करण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हीं विम्याचे कागद शोधून ठेवले. वर्गांत किट्स शिकविण्याचें टाळलें, आणि विद्यार्थ्यांना त्याचें कारण कळूं नये म्हणून व्याकरण घेतलें. रात्रीं सौभाग्यवती झोपल्याचें सोंग करीत आणि आम्हीहि करीत असूं.

पुतणी तेव्हां पहिल्या वर्षांत होती. काकूनें तिला रिपोर्टाचें छायाचित्र पाठविलें. तिचा फोन आला तो आमच्यासाठीं. “काका, ती फिटची गोळी अजून चालू आहे ना? फॉर्मवर लिहिलंय का कुणीं?” त्या वर्षाच्या आरंभीं घरच्या जिन्यावरून पडून आमच्या डोक्यास मार बसला होता. पुढें दोनदां झटके आले, आणि त्यावर फेनिटॉइन नांवाची गोळी सुरू झाली होती. या गोळीनें क्वचित् एखाद्याच्या लसीकाग्रंथी अशा सुजतात कीं, यंत्राखालीं त्या कर्करोगाचें हुबेहूब सोंग घेतात. सेंट लुई येथील सॉल्ट्झस्टाइन आणि ॲकरमन या दोघांनीं १९५९ सालींच यावर निबंध लिहिला आहे, आणि तो पोरीच्या नुकताच वाचनांत आला होता. प्रयोगशाळेंतून कांचपट्ट्या व मेणाच्या वड्या परत मागविल्या. तिच्या एका अध्यापकांनीं त्या सर्व हकीकतीसह पुन्हां तपासल्या, आणखी कांहीं रंग चढवून पाहिले, आणि घाई करूं नका, आधीं गोळी बदलून पाहा, असें कळविलें. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनीं हळूहळू ती गोळी बंद करून दुसरी दिली. तीन महिन्यांत मानेंतील उरलेल्या गांठी जिरल्या. अद्यापि दर सहा महिन्यांनीं दाखवावयास जावें लागतें, कारण असें सोंग घेणारी गांठ पुढें कधींकाळीं खरीहि होऊं शकते. पण विम्याचे कागद पुन्हां ट्रंकेंत गेले.

या प्रकारानंतर आम्हांला आय. ए. रिचर्ड्स याची आठवण झाली नसती तर नवल. केंब्रिजच्या या अध्यापकानें विद्यार्थ्यांपुढें कवीचें नांव व काळ न सांगतां कविता ठेवल्या, त्यांवर अभिप्राय लिहवून घेतले, आणि १९२९ सालीं तें सारें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. चांगल्या शिकलेल्या मुलांनीं थोरांस झोडपलें होतें आणि सामान्यांस डोक्यावर घेतलें होतें. हीच गंमत आम्हींहि वर्षानुवर्षें आमच्या वर्गांत केली, आणि मुलांची फजिती पाहून मनांत हंसलों. आमची स्वतःची मानच कोणी अशी बिननांवाची वाचावयास दिली, तेव्हां मात्र तें हंसूं मावळलें.

हें आम्हीं पुतणीला मोठ्या ऐटींत सांगितलें. तिनें तें मानलें नाहीं. तिच्या विभागांत एक अध्यापक फॉर्म मुद्दाम उपडा ठेवतात. आधीं कांच पाहावयाची, मनाशीं मत ठरवावयाचें, आणि मगच फॉर्म उलटावयाचा. “आधीं फॉर्म वाचला कीं डोळा बांधला जातो, काका. ‘टी. बी. चा संशय’ असं लिहिलेलं असलं कीं, जिकडेतिकडे टी. बी. च दिसायला लागतो. तुमचा तो रिचर्ड्स अगदींच चूक नव्हता.” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें नाहीं. एवढेंच म्हणतां येईल कीं, फॉर्म उपडा ठेवणाऱ्यालाहि तो शेवटीं उलटावा लागतो, आणि उलटल्यावर त्यावर कांहीं लिहिलेलें असावें लागतें.

आतां जो चौकोन या पंचांगांत पूर्वीं नव्हता त्याची गोष्ट. २०२० च्या सप्टेंबरांत निघालेल्या नियमांनीं प्रत्येक एम. डी., एम. एस. च्या विद्यार्थ्यास तिसऱ्या, चौथ्या किंवा पांचव्या सत्रांत तीन महिने जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेंत काम करणें भाग केलें. २०२३ च्या नियमांतहि तें कायम राहिलें. ज्या विषयांना स्वतःच्या खाटा नसतात, त्यांच्या विद्यार्थ्यांनीं जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं प्रयोगशाळा, साथींचे व इतर कार्यक्रम, प्रसंगीं साधी रुग्णसेवा, असें सर्व पाहावें अशी योजना आहे. पुतणीची नेमणूक शेजारच्या जिल्ह्यांत झाली, आणि दर रविवारीं ती एस. टी. नें बार्शीस येऊं लागली.

पहिले तीन रविवार तिनें नुसती तक्रार केली. प्रबंध अर्धा राहिला आहे. परीक्षेंत दहा-बारा कांचपट्ट्या समोर ठेवून रोग विचारणार, तेथें एकेक दिवस मोलाचा. आणि इकडे ऊतींची परीक्षा करण्याची सोयच नाहीं. हिमोग्लोबिन, मलेरियाची कांच, थुंकींतले जंतु, एवढ्यावर दिवस संपतो. “डोळा गंजतोय,” ती म्हणे. काकू तिला शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी वाढून शांत करी. तक्रार अवाजवी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्याला नऊ खोल्यांचा अभ्यास पुरा करावयाचा आहे, त्याला दहावी खोली दाखवावयाची तर तेथें निदान शिकविणारा कोणी असावा. तो पुष्कळ ठिकाणीं नसतो, आणि मग विद्यार्थी हा फुकट मिळालेला हात ठरतो.

चौथ्या रविवारीं मात्र ती घरांत आली तीच हंसत, पण तें हंसणें रागाचें होतें. एका ग्रामीण रुग्णालयांत तिनें शस्त्रक्रियेच्या खोलींत एक जुनी सलाइनची बाटली पाहिली. तींत गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा होता, आणि तो फॉर्मॅलिनमध्यें नसून सलाइनमध्येंच बुडविलेला होता. तो शनिवारीं काढलेला, सोमवारीं वाहन मिळेल तेव्हां निघणार. फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट असावें लागतें. सलाइनमध्यें पेशी आपल्या आपणच विरघळूं लागतात. “असले कुजके तुकडे आमच्याकडे येतात तेव्हां आम्ही वर बसून शिव्या देतों आणि ‘नमुना तपासण्यास अयोग्य’ असं लिहून मोकळे होतों. ती बाई पुन्हां शंभर रुपये भाडं भरून येते, किंवा येत नाहीं.” फॉर्म कोण भरतें हेंहि तिनें पाहिलें. चाळीस रुग्णांना एक परिचारिका. ती नांव-वय लिहिते, बाकी रुग्णाच्या भावाला विचारा म्हणते. भाऊ चहा प्यावयास गेलेला असतो.

“आणि खरं म्हणजे,” ती म्हणाली, “विचारलं तरी लोक सांगत नाहींत.”

येथवर आम्हीं एक गोष्ट गाळली आहे. ती त्या दिवशीं जेवतांना आम्हीं प्रथमच तिला सांगितली. त्या शल्यवैद्याच्या मदतनिसानें आम्हांला विचारलें होतें. स्पष्ट विचारलें होतें: “सर, कोणतं औषध चालू आहे का?” सौभाग्यवती पैसे भरण्यास खिडकीपाशीं गेल्या होत्या, आणि शेजारच्या बाकावर आमचे दोन माजी विद्यार्थी बसलेले होते. ‘फिट’ हा शब्द त्यांच्यादेखत तोंडांतून काढणें आम्हांला जमलें नाहीं. आम्हीं “नाहीं” असें उत्तर दिलें. ती रिकामी ओळ आमचीच होती. वर्गांत सत्यावर व्याख्यानें देणाऱ्या माणसानें कर्करोगाच्या भीतीपेक्षां दोन पोरांच्या नजरेला अधिक भ्यावें, हें लिहितांनाहि लाज वाटते; पण असें झालें खरें. पुतणी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तरी बरं, तुमच्यामागं विचारणारी कुणीतरी होती.”

त्या संध्याकाळीं भगवंताच्या देवळाकडे फिरावयास गेलों असतां तिनें आम्हांला आमच्याच गांवाची माहिती दिली. आम्ही तीस वर्षें बार्शींत आहों. भगवंताचें देऊळ, तुरीची डाळ, १८९७ सालीं सुरू झालेली आणि आतां रुंद रुळांवर गेलेली ती छोटी आगगाडी, एवढें आम्हांला ठाऊक. तिला बार्शी ठाऊक होती ती अभ्यासाच्या पुस्तकांतून. देशांत ग्रामीण भागांतील कर्करोगाची पहिली लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही १९८७ सालीं येथें, बार्शींत, सुरू झाली. मुंबईची नोंदवही १९६३ पासूनची. पण शहरांत रुग्णालयांचे कागद गोळा केले कीं आंकडे मिळतात. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवांतून कागद मिळणार कोठून? रोगी डॉक्टरकडे जातच नव्हते. म्हणून येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारानें माणसें गांवोगांव धाडण्यांत आलीं. तीं चावडीवर बसत, शिक्षकांस व सरपंचांस भेटत, रोगाचीं लक्षणें समजावून सांगत, संशय आला तर त्या माणसास बार्शीस येण्याची विनंती करीत, आणि पुन्हां त्याच गांवीं जात. बायका पांढऱ्या पाण्याविषयीं, अवेळीं रक्त जाण्याविषयीं पुरुषासमोर बोलत नाहींत. एकदां नाहीं, दोनदां नाहीं, तिसऱ्यांदा कदाचित् सांगतात. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें दिसतें कीं, या जाण्यायेण्यानंतर गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेल्या बायका पूर्वींपेक्षां लवकरच्या अवस्थेंत रुग्णालयांत पोंचूं लागल्या. मोजावयास गेलेल्या लोकांनीं ज्याचें माप घ्यावयाचें तेंच बदलून टाकलें, असा हा प्रकार आहे. शुद्ध संख्याशास्त्रज्ञांस तो खपेल कीं नाहीं कोण जाणे.

पुढें १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या धाराशिवांत, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें हें रुग्णालय व फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोगसंस्था यांनीं मोठी चांचणी घेतली. गांवांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. कांहींची विषाणूची परीक्षा, कांहींच्या पेशी कांचेवर पसरून तपासणी, कांहींची नुसत्या ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावून डोळ्यांनीं पाहणी, आणि चौथ्या गटास नेहमींचीच व्यवस्था. २००९ सालीं निकाल आला: विषाणूच्या एकाच परीक्षेनें या रोगानें होणारे मृत्यु सुमारें निम्म्यावर आले, कांचेवरच्या पेशींच्या तपासणीनें तसें निश्चित कांहीं दाखवितां आलें नाहीं. चौथ्या गटाच्या बायकांना तपासणीवांचून ठेवणें योग्य होतें काय, यावर मागाहून कडक वाद झाला, आणि आमच्या मतें तो वाद करणारे चुकीचे नव्हते. पुतणीला मात्र दुसरीच गोष्ट खुपत होती. “म्हणजे ‘सायटो’च्या पाळींत मीं जो डोळा तयार केला, तो त्या खेड्यांत यंत्रापुढं हरला.” आम्हीं विचारलें, मग ती विषाणूची परीक्षा करावयास त्या बायका घराबाहेर पडल्या कशा? ती थांबली. “दारोदार जाऊन बोलावलं म्हणून.”

डॉ. वसंत रामजी खानोलकर हे या शास्त्राचे आपल्या देशांतील आद्य आचार्य. १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय निघालें तेव्हां तेथील प्रयोगशाळांची सूत्रें त्यांच्याकडे आलीं. १९४५ सालीं त्यांनीं व सूर्याबाई यांनीं लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. धोतराच्या घट्ट कासोट्यानें कमरेवर वर्षानुवर्षें काच पडून तेथें त्वचेचा कर्करोग होतो, हें त्यांच्या अभ्यासांतून पुढें आलें. कांचपट्टीवर धोतर दिसत नाहीं. त्वचेच्या कर्करोगाचा पापुद्रा कमरेचा कीं पायाचा, हें पेशींना विचारून कळत नाहीं. माणूस धोतर कसें नेसतो, कोठें गांठ मारतो, ओलेंच नेसून शेतावर जातो कीं काय, हें ज्याला ठाऊक आहे किंवा जो विचारतो, त्यालाच तें दिसावें. आमच्या पुतणीला ही गोष्ट प्रश्नोत्तरांसाठीं पाठ होती. कमरेचा करदोटा दाखवून गांवच्या एका म्हाताऱ्यानें तिला ‘इथं काचतंय’ असें म्हटलें, तेव्हां ती एकदम आठवली, असें तिनें सांगितलें. म्हाताऱ्याला नुसता गजकर्ण निघाला.

तीन महिने संपत आले तेव्हां तिनें दोन कागद आमच्यापुढें ठेवले. एक त्या ग्रामीण रुग्णालयाच्या शस्त्रक्रियेच्या खोलींत लावावयाचा: तुकडा सलाइनमध्यें ठेवूं नका, फॉर्मॅलिनमध्यें ठेवा, दहापट ठेवा, बाटलीवर नांव लिहा, झांकणावर नको, झांकणें बदलतात. त्यांत आम्हांला सुधारण्यासारखें कांहीं सांपडलें नाहीं. दुसरा कागद फॉर्माबरोबर जोडावयाचा, रुग्णास विचारावयाच्या प्रश्नांचा. तो आम्हीं आमच्या पद्धतीनें लिहून दिला: ‘रुग्ण कोणतेंहि औषध नियमितपणें सेवन करीत असल्यास त्याचा तपशील द्यावा.’ पुतणीनें तें वाक्य खोडलें. तिनें लिहिलें: ‘रोज कुठली गोळी घेता? बी. पी. ची, साखरेची, टी. बी. ची, झोपेची, फिटची?’ आणि खालीं कंसांत परिचारिकेस सूचना: ‘बाजूला नेऊन विचारा.’

सौभाग्यवती चष्मा लावून तो कागद वाचीत होत्या. “फिटची सगळ्यांत शेवटीं कशाला?” त्या म्हणाल्या. पुतणीनें आमच्याकडे पाहिलें आणि पेन आमच्या हातांत दिलें. आम्हीं तो शब्द खोडून यादींत पहिला लिहिला.